तासगावचं द्राक्ष विमानाविना युरोपला: रीफर भरताना कार्बन कुठे वाचतो

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यातलं द्राक्ष युरोपला समुद्रानंच जातं. पण माल लांबला, ग्राहकानं घाई केली, की विमानाचा विचार डोक्यात येतोच. त्याआधी हा हिशेब बघा. १ टन माल १ किलोमीटर न्यायला विमान साधारण ५०० ते १००० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, कंटेनर जहाज १० ते २० ग्रॅम. रीफरला, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरला, जहाजावर वीज लागते, म्हणून २० धरा. ४० फुटी रीफरमध्ये साधारण १३ टन माल बसतो. न्हावा शेवा ते रॉटरडॅम सुएझमार्गे अंतर १२,००० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे एका कंटेनरमागे ३ टनांच्या आसपास कार्बन. तोच माल मुंबईहून विमानानं सुमारे ६,९०० किलोमीटर नेला, तर अगदी ६०० ग्रॅमनं मोजला तरी ५० टनांच्या वर जातो. जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं तर अंतर २०,००० किलोमीटरच्या घरात जातं. तरीही विमानाच्या दहाव्या हिश्शात काम होतं.

तेव्हा खरं काम एकच: माल इतका टिकाऊ करायचा की विमानाची गरजच पडू नये. जहाज चालवणं आपल्या हातात नाही. बागेपासून कंटेनरचं सील लागेपर्यंतचं सगळं आपल्या हातात आहे. आणि कंटेनर तिकडे सडून उतरला, तर त्याच्यामागचं खत, डिझेल, वीज सगळं फुकट जातं.

काढणी ते प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं)

सकाळी ऊन चढायच्या आत काढा. क्रेट सावलीत ठेवा, गाडीवर ताडपत्री टाकताना वारा खेळायला जागा ठेवा. घड देठाला धरूनच उचला. मण्यांवरचा पांढरट मेणासारखा थर पुसला गेला की चमक जाते आणि मालाचा टिकाऊपणाही कमी होतो. तोडल्यापासून ६ ते ८ तासांत मण्याच्या आतलं तापमान ४ अंशांच्या खाली आलं पाहिजे. खोलीतल्या डिस्प्लेवर विसंबू नका. खोली २ अंश दाखवत असते आणि थप्पीच्या मधल्या बॉक्समधला मणी ११ वर असतो. सुईचा थर्मामीटर थेट मण्यात खुपसा. वरचा, मधला आणि खालचा असे तीन बॉक्स तपासा.

ग्रेपगार्डचा (बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइड हळूहळू सोडणारा) कागद प्रीकूलिंगनंतरच घाला, मग लायनर, म्हणजे बॉक्समधली प्लास्टिकची पिशवी, मिटवा. गरम मालावर कागद ठेवला की आत घाम सुटतो. त्या ओलाव्यानं कागदातला सल्फर डायऑक्साइड एकदम बाहेर पडतो, मणी देठाजवळ पांढरे पडतात आणि पुढच्या प्रवासाला गॅस उरत नाही. मग भुरकट बुरशी धरते. पुढे साठवण ० अंशाच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के.

कंटेनर भरणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रीफर माल थंड ठेवण्यासाठी असतो, थंड करण्यासाठी नाही. ८ अंशांचा माल आत ढकलला, तर यंत्र कित्येक दिवस पूर्ण ताकदीनं चालतं, वीज खातं आणि मधल्या मालाचं तापमान तरीही उतरत नाही.

रिकामा कंटेनर आधीच थंड करून ठेवायची सवय अनेकांना आहे. कोल्ड स्टोरेजचा दरवाजा आणि कंटेनरचं तोंड यांच्यामध्ये हवाबंद पडदा असेल तरच ते चालतं. नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरते, भिंतींना पाणी सुटतं, यंत्राच्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ धरतो. भरताना यंत्र बंद ठेवा, दार लागलं की सुरू करा.

थंड हवा कंटेनरच्या तळाच्या टी आकाराच्या पट्ट्यांतून येते आणि मालातून वर जाते. म्हणून तळ पूर्ण झाकला गेला पाहिजे. दारापाशी अर्धा फूट पट्टी उघडी राहिली, तर हवा तिथूनच वर निसटते आणि आतला माल उबतो. तिथे पुठ्ठा किंवा जाड प्लास्टिक दाबून बसवा. वर भरण्याची मर्यादा दाखवणाऱ्या लाल रेघेच्या पुढे एकही बॉक्स नको. बॉक्सची भोकं एकावर एक आली पाहिजेत. सेटिंग उणे ०.५ ते ० अंश. द्राक्षाला ताज्या हवेची फारशी गरज नसते, त्यामुळे व्हेंट (बाहेरची हवा आत घेणारी खिडकी) बंद किंवा अगदी कमी. ती उघडी राहिली तर बाहेरची गरम हवा थंड करण्यात वीज जाते. तापमानाची नोंद घेणारा लॉगर दारापासून दुसऱ्या-तिसऱ्या पॅलेटमध्ये, मालाच्या आत ठेवा.

अर्धा कंटेनर पाठवू नका. न्हावा शेवाहून रिकामा रीफर आणायला ३५० किलोमीटर आणि भरून न्यायला तेवढेच. ट्रेलरला त्यात २०० लिटरच्या आसपास डिझेल लागतं, म्हणजे ५०० किलोहून जास्त कार्बन, माल ६ टन असो की १३. शेजारच्या पॅकहाऊसशी बोलून एकाच जातीचा, एकाच तापमानाचा माल जुळवा.

ट्रेलरवरचा जनसेट, म्हणजे रीफरला वीज देणारा जनरेटर, तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितो, आणि १ लिटरमागे २.६८ किलो कार्बन. पॅकहाऊसला ४४० व्होल्ट थ्री फेज, ३२ अँपिअरचा चार पिनी सॉकेट बसवलात तर गाडी उभी असताना ग्रीडच्या विजेवर तेच काम निम्म्याहून कमी कार्बनमध्ये होतं. छतावर सोलर असेल तर दिवसा आणखी कमी.

बुकिंगच्या वेळी

फॉरवर्डरला (जहाजाचं बुकिंग करून देणाऱ्या एजंटला) दराबरोबर तीन गोष्टी लेखी विचारा: मार्ग कोणता, मध्ये जहाज किती वेळा बदलणार, आणि आयएसओ १४०८३ या वाहतुकीचा कार्बन मोजायच्या पद्धतीनं कंटेनरमागे कार्बन किती. सावकाश जाणाऱ्या सेवेला नाक मुरडू नका. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर त्याच अंतराला इंधन जवळपास १९ टक्के कमी लागतं. दिवस वाढले तरी प्रीकूलिंग नीट असेल तर माल ते सहज सोसतो. युरोपचा कार्बन बाजार, म्हणजे सोडलेल्या कार्बनचे परवाने विकत घ्यायची व्यवस्था, २०२४ पासून जहाजांना लागू झाला: त्या वर्षीच्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांवर, २०२५ च्या ७० टक्क्यांवर, २०२६ पासून पूर्ण. बाहेरून युरोपात येणाऱ्या फेरीचा निम्मा भाग त्यात मोजतात. तो खर्च बिलात वेगळ्या ओळीत येतो, तपासून घ्या.

यंत्रातला थंड करणारा वायू कोणता, तेही विचारा. जुन्या रीफरमधला आर-१३४ए १ किलो गळला, तर तो १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. कंटेनर दारात आल्यावर पाइपच्या जोडांपाशी तेलाचा ओघळ दिसला, तर गळतीची शंका घ्या आणि भरायच्या आधीच बदलून मागा.

आटपाडीच्या डाळिंबवाल्यांनी हे जरूर बघावं. २०२५ मध्ये भगवा डाळिंब समुद्रानं न्यूयॉर्कला पोचला. प्रवास पाच आठवड्यांचा होता. सोललेले दाणे मात्र फार दिवस टिकत नाहीत, ते विमानानंच जातात. शक्य तिथे अख्खं फळ विका.

फेब्रुवारीत बर्लिनच्या फळ प्रदर्शनाला जाणार असाल तर गटातून एक-दोघांनी जा, थांबे कमी असलेलं विमान घ्या आणि इकॉनॉमीतच बसा; लांबच्या उड्डाणात बिझनेस क्लासची एक खुर्ची इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट कार्बनची पडते. ग्राहकाची तक्रार आली तर लॉगरचा आलेख आणि फोटो मागवा. तापमान कोणत्या दिवशी चढलं हे त्यात दिसतं, त्यासाठी विमानानं तिकडे जायची गरज नाही.