फिनमधली कॉफी: व्हिएतनामी पद्धत घरी कशी जमवावी

व्हिएतनामला फिरून आलेल्यांच्या बॅगेत हल्ली एक फिन हमखास असतो. कपावर ठेवायचा हा छोटा फिल्टर दोन-चार वेळा वापरला जातो आणि मग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात जातो. तक्रारी दोनच: 'पाणी भसकन खाली गेलं, कॉफी पांचट झाली' किंवा 'थेंबच पडेना'. दोन्हींचं मूळ बहुधा दळणात असतं, फिल्टरमध्ये नाही.

फिनचे भाग चार. कपाच्या काठावर बसणारी भोकांची बशी, तिच्यावरचा भोकं पाडलेला पेला, भुकटीवर ठेवायची चकती आणि झाकण. चकती दोन प्रकारची मिळते: नुसती ठेवायची किंवा स्क्रूने फिरवून बसवायची. नवख्याने नुसती ठेवायची घ्यावी. एका माणसासाठी साधारण १०० ते १२० मिली पाणी मावेल असा फिन पुरे.

कॉफी कोणती घ्यायची, इथे थोडं थांबू. १८५७ च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी व्हिएतनाममध्ये कॉफीची रोपं नेली, पण हा देश कॉफीचा मोठा निर्यातदार झाला तो १९८६ च्या 'दोई मोई' आर्थिक सुधारणांनंतर. मध्यवर्ती पठारावर, बुऑन मा थुओट शहराच्या आसपास, रोबस्टा जातीच्या कॉफीचे मळे भराभर वाढले. आज व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक आहे आणि त्यातली बहुतेक कॉफी रोबस्टाच. रोबस्टा कडू, दाट आणि कॅफिनच्या बाबतीत अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट. महागडी, नाजूक वासाची अरेबिका फिनमध्ये घालून वर कंडेन्स्ड मिल्क ओतलं, तर दोन्ही वाया गेलं असं मी म्हणेन. व्हिएतनामी पाकीट नसेल तर कोडगू किंवा वायनाडची रोबस्टा चालते. दुकानदाराला तीन गोष्टी सांगा: गडद भाजलेली, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) अजिबात नको आणि साउथ इंडियन फिल्टरसाठी दळतात त्याहून किंचित जाड. इन्स्टंट कॉफी इथे कामाची नाही.

आता कृती. फिन आणि काचेचा ग्लास गरम पाण्याने विसळून घ्या. ग्लासच्या तळाशी दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घाला. ताजं दूध नको. फ्रेंचांच्या काळी व्हिएतनामच्या उष्ण हवेत ताजं दूध दुर्मिळ होतं, म्हणून डब्यातलं गोड दूध आलं आणि पुढे तीच चव ठरली.

ग्लासवर फिन ठेवून त्यात १८ ते २० ग्रॅम भुकटी घाला, म्हणजे अंदाजे तीन मोठे चमचे. बाजूने हलकेच टिचकी मारून ती सपाट करा, दाबू नका. वर चकती ठेवा.

पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग चकतीवरून फक्त दोन मोठे चमचे पाणी सोडा. भुकटी ते पिऊन फुगते. ३० ते ४० सेकंद तिला तशीच राहू द्या. ही पायरी गाळली की पाणी कडेकडेने पळतं आणि मधली भुकटी कोरडीच राहते. त्यानंतर पेला काठोकाठ भरा, झाकण ठेवा आणि हात लावू नका.

सगळं पाणी उतरायला चार-पाच मिनिटं लागली तर जमलं. दोन मिनिटांत संपलं तर दळण जाड आहे, आठ मिनिटं झाली तरी संपेना तर फार बारीक. थेंब थांबले की झाकण उलटं करून त्यावर फिन ठेवा, ओट्यावर डाग पडत नाहीत.

आता तळापासून नीट ढवळा आणि मगच बर्फाने भरलेल्या दुसऱ्या ग्लासात ओता. आधी बर्फ टाकला तर दूध तळाशी घट्ट होऊन बसतं. ही झाली 'का फे सुआ दा'. हनोईत हिलाच 'नाऊ दा' म्हणतात. दुधाविना हवी तर 'देन दा', पण तिच्यातही बहुतेकदा साखर घातलेली असते. बिनसाखरेची हवी असेल तर 'खोंग दुअंग' म्हणायचं. कडू सोसत नसेल तर दूध जास्त, कॉफी कमी अशी सायगॉनची (म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीची) 'बाक सिऊ' मागा.

तिथे ही कॉफी घाईत उभ्याने पिण्याची नाही. फुटपाथवर गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची स्टुलं, तोंडं रस्त्याकडे, कॉफीबरोबर बहुतेक ठिकाणी फुकटचा बर्फाळ चहा. एका ग्लासावर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. सायगॉनच्या कॅथेड्रलजवळच्या बागेत तर तरुण मंडळी वर्तमानपत्र अंथरून जमिनीवरच बैठक मारायची. गर्दीच्या जुन्या टपऱ्यांवर मात्र फिनला वेळ नसतो. तिथे कापडी गाळणीतून एकदम भांडंभर कॉफी काढतात.

हात बसला की अंड्याची कॉफी करून पाहा. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्ग्वेन व्हान झांग यांनी ती शोधली. त्यांच्या कुटुंबाचं कॅफे झांग आजही चालू आहे. एक पिवळा बलक आणि दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क बीटरने चार-पाच मिनिटं फेटा. मिश्रण फिकट होऊन चांगलं फुगलं पाहिजे. मग ते कपातल्या कडक गरम कॉफीवर अलगद सोडा आणि कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवा. बलक कच्चाच राहतो, म्हणून अंडं ताजं हवं. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना ही देऊ नका. कॅफिन लक्षात घेता बाकीच्यांनीही संध्याकाळी पाचच्या आत उरकावी.