मंडळाच्या अभ्यासिकेत पैशाचे आणि कामाचे वर्ग कसे चालवावेत

लालबाग-काळाचौकीच्या चाळींमध्ये पैशाची गोष्ट मुलांसमोर काढायची नाही, अशी रीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि नंतर कित्येक घरांतलं सोनं, भांडी, गावची जमीन गहाण पडली. नातवंडांना हे ऐकून माहीत असतं, पण तेव्हा व्याज कसं चढत गेलं ते कुणी कागदावर मांडून दाखवलेलं नसतं. तीच मुलं आज मोबाइलवरून पैसे पाठवतात. अठरा पूर्ण झाली की त्यांना कर्जाच्या ॲपचे मेसेज येऊ लागतात. शाळेत सरळव्याज-चक्रवाढव्याज येतं, गणित सुटतंही, पण ते घरातल्या हप्त्याशी जोडलं जात नाही.

हे जोडून देणं शेजारच्या चार जाणत्या माणसांना जमतं. आम्ही काही वर्षं असे वर्ग घेतो आहोत. त्या अनुभवातून हे लिहितो आहे.

जागा, मुलं आणि वेळापत्रक

नववी ते बारावीची पंधरा ते वीस मुलं पुरे. त्याहून जास्त झाली की वर्गाचं भाषण होतं. महापालिकेच्या शाळेत वर्ग घ्यायचा तर मुख्याध्यापक आणि शिक्षण विभाग यांची लेखी परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीतच द्या. गणेशोत्सव मंडळाची अभ्यासिका किंवा समाजमंदिर लवकर मिळतं. तिथे मुलं आपणहून येऊन बसलेलीच असतात.

आठ रविवार, दर वेळी दोन तास. सहा रविवार जुलै-ऑगस्टमध्ये उरका, गणपतीत थांबा आणि उरलेले दोन दिवाळीच्या आधी घ्या. ते दोन विक्रीचे आहेत, त्यांना बाजार लागतो. जानेवारीनंतर काही ठेवू नका, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच दिवशी आली तर वर्ग रद्द होणारच, म्हणून एक रविवार हातचा ठेवा.

रात्रशाळेतल्या मुलांसोबत क्रम बदला. ती दिवसा कुठेतरी कामाला जातात, पगार हातात घेतात. त्यांना बजेटआधी पगाराच्या पावतीचा वर्ग हवा असतो.

स्वयंसेवक कोण असावेत

सुटाबुटातली मोठ्या कंपनीतली माणसं मिळाली तर चांगलंच, पण त्यांच्यावर थांबू नका. बँकेतून निवृत्त झालेले काका, बचत गटाचा हिशेब ठेवणारी ताई, स्वतःचं दुकान टाकलेला इलेक्ट्रिशियन, पोळीभाजीचे डबे देणाऱ्या मावशी यांच्याकडे मुलांना हवं ते असतं. एका तुकडीला दोन जण, आणि तेच दोघं आठही रविवार. दर आठवड्याला नवा पाहुणा आला की मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि विचारायचं ते विचारतच नाहीत. खरा प्रश्न साधारण तिसऱ्या रविवारी, वर्ग सुटल्यावर, चपला घालताना येतो. तेव्हा ओळखीचा माणूस समोर असावा लागतो. 'सर-मॅडम' न म्हणता 'दादा-ताई' म्हणायला सांगितलं तर तो प्रश्न एक रविवार आधी येतो.

काही गोष्टी पहिल्याच बैठकीत लिहून, सही घेऊन ठरवा. मुलांसोबत कुणीही एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही. पालकांची लेखी संमती असल्याशिवाय मूल वर्गात नाही आणि फोटोही नाही. मुलांना रात्री वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत. आणि कुणीही विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट खातं, क्लास, काहीही विकायचं नाही. एका वर्षी आमच्या एका स्वयंसेवकाने तिसऱ्या रविवारी पालकांना पॉलिसीचे फॉर्म वाटले. पुढच्या रविवारी निम्मी मुलं आली नाहीत, आणि त्यातली बरीचशी परत कधीच आली नाहीत. वर्गावरचा विश्वास एवढा नाजूक असतो.

वर्ग सुरू होण्याआधी एक अर्धा दिवस सगळ्या स्वयंसेवकांना मुलांच्या जागी बसवा आणि एक संपूर्ण वर्ग त्यांच्यावरच घ्या. जो दहा मिनिटांहून जास्त सलग बोलतो, त्याला तिथेच थांबवा.

पहिले चार रविवार: पैसा

सुरुवात कल्पनेतल्या घरापासून करा. भांडुपला भाड्याच्या खोलीत राहणारं चौघांचं कुटुंब, दोघांची मिळून कमाई महिना २८,००० रुपये. मुलांच्या चार गटांना पाकिटं आणि चिठ्ठ्या द्या: भाडं, रेशन, लाइट बिल, लोकलचा पास, ट्यूशन, गावी पाठवायचे पैसे. पाकिटं भरून झाली की एक चिठ्ठी तुमच्याकडून: आजीला दवाखान्यात न्यावं लागलं, ४,००० रुपये. आता कुठलं पाकीट उघडणार? यावर मुलं तावातावाने भांडतात आणि ते भांडण हाच धडा असतो. तीन महिन्यांचा पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, पण एकदम तेवढे पैसे हातात नसतात, हेही इथेच कुणीतरी बोलून दाखवतं. गरिबाला तीच वस्तू महाग का पडते, हे त्यातून कळतं.

घर कल्पनेतलंच ठेवा. पहिल्या वर्षी मी एका मुलाला सगळ्यांसमोर वडिलांचा पगार विचारला. तो पुढे आलाच नाही. त्याची मला आजही खंत आहे.

दुसऱ्या रविवारी बँक. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून, बँकेने घातलेल्या मर्यादेत, स्वतः चालवता येतं. हे बहुतेक घरांत माहीत नसतं. पैसे भरायची आणि काढायची स्लिप आणून प्रत्येकाकडून भरून घ्या. मग भिशी काढा. आपल्याकडे प्रत्येक चाळीत भिशी आहे, तिला नावं ठेवू नका. बायकांनी तिच्या बळावर लग्नं केली, फ्रिज घेतले. फरक तेवढा समजावून सांगा: बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, भिशी चालवणारा पैसे घेऊन गेला तर मात्र दाद मागायला जागा उरत नाही. जमलं तर मुलांना फोर्टमधल्या सर फिरोजशाह मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय दाखवून आणा.

तिसरा रविवार व्याजाचा, आणि माझ्या मते सगळ्या वर्गांत हा सर्वांत मोलाचा. १५,००० चा मोबाइल, 'फक्त ३ टक्के महिना', बारा हप्ते. फळ्यावर मांडा: व्याज महिना ४५०, वर्षाचं ५,४००, एकूण २०,४००, हप्ता १,७०० रुपये. मुलं म्हणतात, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. इथे थांबा. दर महिन्याला मुद्दल फेडलं जातंय, अकराव्या महिन्यात जेमतेम तीन-सव्वातीन हजार बाकी आहेत, तरी व्याज मात्र पूर्ण १५,००० वर लागतंय. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर दर महिन्याला ५ टक्क्यांच्या थोडा वर जातो, म्हणजे वर्षाला ६० टक्क्यांहून जास्त. हे मुलांकडूनच बारा ओळींच्या तक्त्यात भरून घ्या. वेळ लागला तरी चालेल, आपण उत्तर सांगू नका. त्याच दिवशी ७२ चा नियम शिकवा: ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. ६ टक्क्यांनी ठेव बारा वर्षांत दुप्पट होते. ३६ टक्क्यांचं कर्ज फेडलंच नाही, तर दोन वर्षांत.

चौथ्या रविवारी फसवणूक. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे वाक्य मुलांना घरी जाऊन आजीला सांगायला लावा. फसवणूक झाल्यावर लाजून गप्प बसण्याऐवजी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि एक धोका आवर्जून सांगा, कारण तो याच वयाच्या मुलांना गाठतो: 'तुझं खातं वापरायला दे, महिन्याला दोन हजार देतो.' त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. शेअरच्या टिप्स देणाऱ्या ग्रुपचं आकर्षण असलेल्या मुलांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासातला आकडा द्या: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींचं नुकसान झालं.

पाचवा-सहावा रविवार: नोकरी

स्वयंसेवकाने स्वतःची पगाराची पावती, नाव झाकून, समोर ठेवावी. मग उदाहरण सोडवा. पगार १८,०००, त्यात मूळ पगार १२,०००. प्रॉव्हिडंट फंड मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याची वर्गणी, पूर्ण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे १३५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात आले १६,२२५. हाच पगार मुलीचा असेल तर महाराष्ट्रात २५,००० पर्यंत तिला व्यवसाय कर नाही, म्हणून १६,४२५. कापलेले १,४४० 'गेले' असं मुलं समजतात. ते त्यांचेच आहेत, मालकालाही भर घालावी लागते, आणि नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा नंबर, तोच राहतो, हे सांगा. पावती न देणाऱ्या, हातात रोख पगार ठेवणाऱ्या नोकरीत नेमकं काय बुडतं, ते मुलांना मग आपोआप दिसतं.

मुलाखतीचा सराव आधी मराठीत घ्या. स्वतःबद्दल मराठीत चार वाक्यं नीट बोलता आली की तीच हिंदीत, इंग्रजीत नेता येतात. उलटं केलं की पाठ केलेलं बाहेर पडतं. लोकल बंद पडली तर साहेबांना फोन करून काय सांगायचं, पगाराबद्दल कसं विचारायचं, रजा कशी मागायची, हे जोडीजोडीने करून घ्या. नोकरी लावण्यासाठी डिपॉझिट, गणवेशाचे किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागणाऱ्याकडे जायचं नाही. एखाद्या शनिवारी जवळची बेकरी, छापखाना, कुरिअरचं गोदाम दाखवा.

शेवटचे दोन रविवार: धंदा

आधी लिज्जतची गोष्ट सांगा. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. गोष्ट लहान ठेवा आणि कामाला लागा.

पाच जणांच्या गटाला १,००० रुपये भांडवल, कर्ज म्हणून. खाण्याच्या वस्तू टाळा, त्यांना अन्न सुरक्षा नोंदणी लागते. कंदील, पणत्या, रांगोळीचे रंग ठीक. फुटपाथवर मांडू नका, सोसायटीचं आवार किंवा मंडळाची जागा विचारून घ्या.

आमच्या एका गटाने १,००० रुपयांत वीस कंदील केले. चौदा १२० ला गेले, उरलेले सहा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ६० ला काढले. गल्ल्यात २,०४० जमले. भांडवल फेडलं, ५० रुपये व्याज म्हणून दिले, उरले ९९०. प्रत्येकी १९८ रुपये, मुलं खूश. मग ताईने विचारलं, प्रत्येकाने किती तास काम केलं? बारा. म्हणजे तासाला साडेसोळा रुपये. वर्ग एकदम शांत झाला. पुढचा तासभर मुलं स्वतःहून बोलत होती: कागद क्रॉफर्ड मार्केटमधून घाऊक आणला असता तर, आठ दिवस आधी मांडले असते तर, नक्षी सोपी ठेवली असती तर. असा तोटा-नफ्याचा तास मिळण्यासाठी विक्री खरी हवी. म्हणून तोटा झाला तरी तो स्वयंसेवकांनी भरून देऊ नका. कर्जाची मुदत वाढवून द्या.

जे पुढे खरंच काही करू इच्छितात, त्यांना अठरा वर्षांनंतर छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं आणि उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट असते, एवढं सांगून ठेवा. नोंदणीसाठी पैसे मागणारा एजंटच असतो.

नंतर

प्रमाणपत्र वाटलं तरी हरकत नाही, पण काम झालं की नाही ते तीन महिन्यांनी कळतं. जानेवारीच्या एका रविवारी सगळ्यांना पुन्हा त्याच अभ्यासिकेत बोलवा. पासबुक उघडलं का, घरात कुणाला व्याजाचा तक्ता करून दाखवला का, खर्चाची वही चालू आहे का, एवढं विचारा आणि उत्तरं नावाशिवाय वहीत लिहा. जे आले नाहीत त्यांच्या घरी फोन करा. गटांनी परत केलेलं भांडवल आणि व्याजाचे ५०-५० रुपये मंडळाच्या खात्यात वेगळे ठेवा. पुढच्या जुलैतल्या मुलांना कर्ज त्यातूनच द्यायचं आहे.