म्हातारपणी खुबा मोडला तर घरच्यांनी काय करायचं

मोरीत किंवा संडासाच्या वाटेवर घसरून पडलेलं माणूस उठू शकत नाही, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो, पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो आणि जांघेत कळ येते. एवढं दिसलं की खुबा मोडला असंच धरून चाला. उभं करून बघू नका. तेल लावून चोळू नका, पाय ओढू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवा, पाय एकत्र हलके बांधा आणि सपाट फळीवर किंवा स्ट्रेचरवर उचला. शेवटचं जेवण किती वाजता झालं ते लिहून ठेवा. रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण भूल आणि ऑपरेशनची वेळ त्यावर ठरते. कधीकधी मोड इतकी बारीक असते की एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे ठीक असूनही पायावर भार देता येत नसेल, तर एमआरआयबद्दल विचारा.

‘वय झालंय, आता कशाला ऑपरेशन’ हा विचार सगळ्यात महागात पडतो. वय झालंय म्हणूनच ऑपरेशन लवकर हवं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या शरीरात छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, माकडहाडावर जखमा होतात, पायाच्या शिरांत गुठळ्या धरतात. जिवाला धोका मोडीपेक्षा यांचाच जास्त. शक्यतो ३६ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन सावरायचं, पण त्यासाठी आठवडा घालवायचा नाही. तोवर दर दोन तासांनी कूस थोडी बदलून द्या. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ असू द्या, नाहीतर रात्री माणूस गोंधळतं, बरळायला लागतं.

ऑपरेशन कोणतं, हे मोड कुठे आहे त्यावर ठरतं. मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक म्हणजे गोळा, त्याखालचा निमुळता भाग म्हणजे मान. या मानेत मोड असेल आणि हाड सरकलं असेल, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि स्क्रू घालूनही तो वाळण्याची भीती राहते. म्हणून वयस्कर माणसात गोळा काढून धातूचा बसवतात. चांगलं हिंडतं-फिरतं माणूस असेल तर गोळा ज्या खोबणीत बसतो त्या वाटीसकट पूर्ण सांधा बदलतात. मोड मानेच्या खाली असेल तर तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, मग सळी किंवा प्लेट घालून हाड जुळवतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करायचं. दुखण्याची गोळी चालण्याआधी अर्धा तास द्या. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. गोळा किंवा सांधा बदलला असेल तर साधारण तीन महिने मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं बंद, नाहीतर सांधा निखळू शकतो. खुर्ची आणि कमोड गुडघ्यापेक्षा थोडे उंच हवेत. संडासातला दांडा भिंतीत स्क्रूने पक्का बसवा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचा अर्थच हाड ठिसूळ आहे. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (घनतेचा आकडा; उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाड ठिसूळ) उणे २.५ च्या वर आला तरी उपचार लागतातच. टाके निघाले की घरचे हे विसरतात आणि दुसऱ्या बाजूचा खुबा मोडतो. डिस्चार्जच्या वेळीच विचारा: हाडाचं औषध कधी सुरू करायचं? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत सुरू करून वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिड या हाडाच्या औषधाचं ५ मिलिग्रॅमचं सलाईन दिलं, तेव्हा नव्या मोडी ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं, दातही दाखवून घ्या. नंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, घाबरू नका. सलाईनऐवजी अॅलेंड्रोनेट या हाडाच्या औषधाची आठवड्याची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. आडवं झाल्यास अन्ननलिका जळते, चहा-दुधासोबत औषध अंगी लागत नाही.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, अन्न धरून. कपभर दुधातून सुमारे २०० मिळतं, नाचणीची भाकरी, तीळ, दही यांतून आणखी. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते. घरात ती चुकून रोज दिली जाते. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, गुंगी येते, मूत्रपिंडाला इजा होते. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

पोटरी सुजली, दम लागला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा पाय अचानक आखूड झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हाडाचं औषध तीन-पाच वर्षं चालू असताना मांडीच्या मध्यावर न पडता दुखायला लागलं, तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्या. तिथे हाडाला बारीक चीर पडू लागलेली असू शकते.