ट्रॅकसाठी ब्रेक: आधी ऑइल, मग पॅड, आणि हवा डिस्कच्या पोटात

ट्रॅकवर जायचं ठरलं की पोरं पहिलं काम काय करतात तर सहा पिस्टनचे मोठे लाल कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेक डिस्कला पॅडने चिमटीत धरतात ते) शोधायला लागतात. दीड-दोन लाख घालवायचे, आणि आत ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांपूर्वीचं. मी माझी गाडी फोंड्याहून कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला आणि चेन्नईला नेऊन नेऊन हे शिकलोय, गोव्यात ट्रॅक नाही त्यामुळे चूक झाली की सातशे किलोमीटर दुरून टो करून आणायची भीती असते, म्हणून सांगतो.

थोडा हिशोब बघा. चौदाशे किलोची गाडी दीडशेवरून साठवर आणली की साधारण दहा लाख ज्यूल उष्णता होते, म्हणजे नळाचं साडेतीन लिटर पाणी उकळेल एवढी, आणि हे एकदा ब्रेक दाबल्यावर. कारी फक्त २.१ किलोमीटरचा, वळणं एकामागून एक, डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही. कॅलिपर मोठा केला म्हणून ही उष्णता कमी होत नाही, ती बाहेर काढावी लागते.

ऑइल. ते उकळलं की पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. डॉट ४ या नेहमीच्या ब्रेक ऑइलचा नवा असतानाचा उकळबिंदू किमान २३० अंश, आणि पाणी शोषलं की नियमानुसार किमान १५५ पर्यंत चालतो. आता आपल्याकडची हवा बघा, जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ब्रेक ऑइल कोरडं कसं राहील? ट्रॅकच्या आधी दरवेळी पूर्ण बदला, मोटुल आरबीएफ ६०० घ्या (कोरडा उकळबिंदू ३१२). उघडलेली बाटली पुढच्या वेळेला ठेवू नका, कितीही जीव तुटला तरी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका, ५.१ चालेल. आणि खाऱ्या हवेत ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ऑइल काढायचा छोटा स्क्रू) गंजून बसतो, आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा, जोर केलात तर तुटून आत राहतो.

पॅड ट्रॅकचे घ्या. आवाज करतील, चाकं काळी होतील, चालतं.

डिस्क आतून पोकळ, मध्ये फिन म्हणजे पात्या असलेली हवी, भोकं पाडलेली नको, भोकाच्या कडेपासून चिरा सुरू होतात. फिन वाकड्या असतील तर डावी-उजवी वेगळी असते: फिन बाहेर जाताना फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली पाहिजे. खाचांची डिझाइन बघून बसवू नका, आत बोट घालून फिन बघा.

आता खरं काम, हवेचा पाइप. माझे दोन ट्रॅक डे यातच गेले.

पहिल्यांदा मी डिस्कमागचा पत्र्याचा डस्ट कव्हर काढून टाकला आणि पाइपचं तोंड सरळ डिस्कच्या चकचकीत बाजूकडे करून केबल टायने सस्पेन्शनच्या आर्मला बांधलं. सगळे असंच करतात, व्हिडिओतही असंच दिसतं. दिवसाच्या शेवटी चाक काढलं तर बाहेरचा पॅड आतल्याच्या जवळजवळ दुप्पट झिजलेला. कारण आतली बाजू गार आणि बाहेरची लालबुंद. डिस्क म्हणजे पंखाच आहे हो, मधून हवा ओढते आणि फिनमधून कडेला फेकते. मग हवा द्यायची कुठे? मध्ये, हबच्या भोवती जी गोल फट दिसते तिथे. तिथे दिली की दोन्ही बाजू सारख्या गार होतात.

म्हणून डस्ट कव्हर नुसता काढून टाकू नका, त्याच्या जागी नवीन प्लेट करा, अॅल्युमिनियमची, लोखंडाची एका पावसात खलास. प्लेटने ती मधली फट झाकायची आणि प्लेटला पाइपचा तुकडा वेल्ड करायचा, म्हणजे हवा थेट फटीत जाते. मी कुंडईला एका वेल्डरकडे करून घेतली, तो म्हणाला, "पात्रांव, हें कितें, एसीचो पायप?" पण काम चोख केलं. डिस्क आणि प्लेटमध्ये चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवा, चाक हाताने फिरवून आवाज ऐका.

पाइप तारेवर सिलिकॉन-फायबरग्लासचा, तीन इंची मावला तर तीन नाहीतर अडीच. बागेचा किंवा वॉशिंग मशीनचा लावू नका, वितळतो. पुढचं तोंड बंपरमध्ये जिथे हवा थेट आदळते तिथे, माझ्या गाडीत फॉग लॅम्पची जागा मिळाली. वळणं जितकी कमी तितकं बरं.

आणि दुसरी चूक. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून बघितलं, पाइप कुठेच लागत नाही, खूश. कोइंबतूरला तिसऱ्याच लॅपला जळक्या रबराचा वास, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) आलो तर टायरने पाइप कापलेला, तार बाहेर आलेली आणि तिने एबीएस सेन्सरची वायर ओढलेली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. लोंबकळणाऱ्या चाकाने काहीच कळत नाही! असं करा: चाक बसवा, गाडी स्टँडवरच ठेवून दुसरा जॅक लोअर आर्मखाली लावा आणि सस्पेन्शन दाबलं जाईपर्यंत हळू उचला, बॉडी स्टँडवरून सुटेल इतकं नको, आणि गाडीखाली कुणी नको. पाइपला भरपूर खडू फासा, मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टायरवर पांढरं दिसलं की पाइप हलवायचा. हेच चाक खाली सोडूनही करायचं. पाइपला थोडी ढील ठेवा, दोन टोकांना क्लॅम्प, मध्ये एकच टाय, आणि एबीएसची वायर वेगळी बांधा, पाइपला कधीच नाही.

फरक पडला का हे अंदाजाने ठरवू नका. डिस्कच्या कडेला तापमानाचा पेंट मिळतो, हिरवा ४३० ला रंग बदलतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. माझा पाइपच्या आधी लालही बदलायचा, आता केशरीवर थांबतो.

नवे पॅड डिस्कवर घासून बसवणं पहिल्या सेशनमध्येच: शंभरवरून तीसवर आठ-दहा वेळा जोरात, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता. चोर्ला घाटात करू नका, तिथे उतारावर ब्रेक धरून ठेवला जातो, पॅड तापून नुसते गुळगुळीत होतात, शिवाय समोरून कदंबची बस येते.

शेवटचा लॅप सावकाश. पिटमध्ये हँडब्रेक लावायचा नाही, गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकूड लावा.

घरी आल्यावर मेअखेरीस बंपरची तोंडं झाकणाने बंद करा. मी एका पावसात विसरलो तर चतुर्थीला पाइपमधून बेडूक निघाला.