पुलाची कंपनं मोजताय? नॉइज जागेवरच मारा

स्टीलच्या पादचारी पुलाची नॅचरल फ्रिक्वेन्सी (पूल स्वतःहून सेकंदाला किती वेळा हलतो) आणि डॅम्पिंग (ते हलणं किती लवकर विरतं) काढायचंय, तर बरेच जण घाईघाईत रीडिंग घेऊन येतात आणि मग घरी बसून नॉइज (पुलाशी संबंध नसलेला सिग्नल) काढायला फिल्टरवर फिल्टर लावतात. माझं ठाम मत आहे की फिल्टर सगळ्यात शेवटी, खरं काम पुलावरच करायचं.

पहिलं म्हणजे सेन्सर रेलिंगवर नको, कारण रेलिंग स्वतःच वेगळं थरथरतं आणि तुम्ही त्याचंच मोजमाप घेऊन येता. डेकवर, मेन गर्डरच्या बरोब्बर वर, हलणारी प्लेट सोडून बसवा. धूळ-गंज घासून काढा आणि मॅग्नेट नाहीतर मेणाने पक्का चिकटवा. नुसता मधोमध ठेवून भागत नाही, दुसऱ्या मोडचा (पुलाच्या हलण्याच्या दुसऱ्या आकाराचा) नोड, म्हणजे न हलणारा बिंदू, तिथेच असतो, म्हणून पाव स्पॅनवर (दोन आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या भागावर) पण एक हवा. केबल फूटफूट अंतरावर टेपने दाबा, वाऱ्याने लोंबकळणारी केबल नेमकी कमी फ्रिक्वेन्सीत, म्हणजे पूल असतो तिथेच घाण करते.

लॅपटॉप चार्जरवर ठेवू नका, बॅटरीवर चालवा. ग्राफमध्ये 50, 100, 150 हर्ट्झला सुईसारखे टोक दिसले की समजा वीज घुसलीय. आणि सॅम्पलिंग 64 हर्ट्झ (सेकंदाला 64 रीडिंग) ठेवलं आणि अँटी-एलियासिंग फिल्टर (सॅम्पलिंगच्या निम्म्याहून वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच अडवणारा) नसला तर तोच 50 हर्ट्झ 14 ला येऊन बसतो आणि मोड असल्यासारखा दिसतो, तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही! त्यामुळे जास्त रेटने घ्या, मग फिल्टर मारून डेटा कमी करा.

काम सुरू करायच्या आधी दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी ठेवून पाच मिनिटं रेकॉर्ड करा. दोघांत सारखं आहे ते पुलाचं, उरलेला बराचसा सेन्सरचा स्वतःचा नॉइज.

आता डॅम्पिंग, इथेच सगळे फसतात. समजा फ्रिक्वेन्सी 2 हर्ट्झ, डॅम्पिंग 1 टक्का, तर ग्राफमधल्या पीकची रुंदी (हाफ पॉवरला, म्हणजे शिखराच्या निम्म्या पॉवरवर) फक्त 0.04 हर्ट्झ. तुम्ही 10 सेकंदाचे तुकडे घेतले तर रिझोल्यूशन 0.1 हर्ट्झ, पीक पसरतं आणि डॅम्पिंग खऱ्याच्या कितीतरी पट येतं. तुकडा निदान 100 सेकंदाचा हवा. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये असे 36 तुकडे बसतात, त्यांची सरासरी काढली की स्पेक्ट्रमचा (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हालचाल, त्या ग्राफचा) चढउतार 6 पटीने कमी होतो. पण लक्षात घ्या, यात नॉइजची पातळी खाली जात नाही, फक्त ती गुळगुळीत होते. पातळी खाली आणायची तर दोन सेन्सरचा क्रॉस-स्पेक्ट्रम (दोघांत सामाईक काय आहे ते दाखवणारा) घ्या, दोघांचा नॉइज एकमेकांशी जुळत नाही म्हणून सरासरीत तो विरत जातो.

लोक चालत असतील तर 2 हर्ट्झच्या आसपास पावलांचं पीक येतं. ओळखायचं कसं? तुकड्यागणिक ते सरकतं, मोडचं जवळपास जागेवरच असतं. तरी जमलं तर रात्री उशिरा, पूल रिकामा असताना घ्या, कारण गर्दीने वस्तुमान आणि डॅम्पिंग दोन्ही बदलतं.

शेवटी कडकपणा. वस्तुमान नीट माहीत असेल तर तो फ्रिक्वेन्सीच्या वर्गावर जातो, म्हणजे फ्रिक्वेन्सीत 1 टक्का चूक म्हणजे कडकपणात 2 टक्के. म्हणून दर रीडिंगला तापमान पण लिहा. स्वित्झर्लंडच्या झेड24 पुलावर तापमान गोठणबिंदूखाली गेलं की डांबर कडक होऊन फ्रिक्वेन्सी वाढायची, पुलात काहीही बिघाड नसताना. दोन मोजण्यांची तुलना करायचीय तर सारख्याच हवेत, सारख्याच वेळी घ्या.