पिकअपचं गिअर ऑईल: आधी भरायचा बोल्ट उघडा

मोंढ्यात माल टाकणाऱ्या पिकअपवाल्याला इंजिन ऑईल कधी बदललं ते तोंडपाठ असतं. गिअर बॉक्सचं विचारलं की तो आठवत बसतो. दुसरा गिअर टाकताना खरखर व्हायला लागेपर्यंत थांबू नका. हे काम घरच्या अंगणात होतं.

गाडीच्या पुस्तकात ऑईलची ग्रेड (जीएल-४, जीएल-५ अशी) आणि लिटर दिलेले असतात, तेच आणा. "गिअर ऑईल सगळं सारखंच" म्हणत कुणी जीएल-५ चा डबा पुढे केला आणि पुस्तकात जीएल-४ असेल, तर तो डबा परत करा. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या दातांना ती लागतात, पण त्यातली काही ऑईलं गिअर बॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत. इंजिनचं जुनं ऑईल गाळून टाकायचा सल्ला तर कानावरही घेऊ नका.

गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे ऑईल पातळ होतं. सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. पिकअप मुळात उंच असते, पाठीवर झोपून आत जाता येतं, म्हणून जॅक लावूच नका. फक्त पुढची बाजू उचलली तर गिअर बॉक्स मागे झुकतो आणि नंतर लेव्हल चुकते. उचलावीच लागली तर चारही बाजू सारख्या उंचीच्या भक्कम लोखंडी घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.

आता खरं काम. ऑईल काढायचा खालचा ड्रेन बोल्ट दिसतो, हातात येतो, म्हणून सगळे आधी तोच खोलतात. तसं करू नका. आधी बाजूचा फिलर बोल्ट, म्हणजे ऑईल भरायचा बोल्ट, ढिला करा, मगच ड्रेनला हात लावा. ऑईल सांडून गेलं आणि भरायचा बोल्ट सुटलाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही, टोचन करून न्यावी लागते. फिलर आधी तपासला तर वाईटात वाईट म्हणजे तो सुटत नाही. ऑईल आतच असतं, तुम्ही गाडी चालवत मिस्त्रीकडे जाता.

आपल्याकडे हा बोल्ट का अडतो? उसाच्या फडात, कापसाच्या शेतात गाडी घातली की काळ्या मातीचा चिखल बोल्टाभोवती वाळून सिमेंटसारखा बसतो. मला या बोल्टानं सुरुवातीला फार दमवलं. आधी तारेच्या ब्रशनं माती पूर्ण काढा, नाहीतर बोल्ट सुटताच ती आत पडेल. मग गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी नेमक्या मापाचा सॉकेट किंवा रिंग पाना घट्ट बसवा, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनं दोन-चार हलके ठोके द्या, आधी कणभर आवळा आणि मग उलटा फिरवा. अॅडजस्टेबल पाना आणि छिन्नी दूर ठेवा. कोपरे गोल झाले की तो बोल्ट गेला. आगीनं तापवायचा सल्ला मला मान्य नाही, तिथं ऑईल आहे. गाडी घोड्यांवर असेल तर पान्याला पाइप घालून हिसका देऊ नका, जीवावर बेतेल.

फिलर सुटला? मग ड्रेन खोला आणि ऑईल घमेल्यात गळू द्या. ड्रेन बोल्टाच्या चुंबकावर राखाडी, मऊ पेस्ट असली तर ते नेहमीचं झिजणं. धातूचे तुकडे किंवा पितळी कण दिसले तर मिस्त्रीला दाखवा. ऑईल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ओढ्याच्या पुरातून गाडी काढली होती का, ते आठवा.

नवा वॉशर घालून ड्रेन बसवा. टेपर, म्हणजे निमुळत्या आट्यांच्या बोल्टाला वॉशर नसतो. पुस्तकात टॉर्क (आवळायचा जोर) दिलाय तेवढंच आवळा, अॅल्युमिनियमचे आटे लवकर जातात.

डब्यातून थेट ओतता येत नाही. हातपंप वापरा, नाहीतर नरसाळ्याला पारदर्शक पाइप लावून वरून सोडा. फवारणीच्या पंपाला हात लावू नका, त्यात औषधाचा अंश राहतो. परभणीकडे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा डबा आधी उन्हात ठेवा. बहुतेक पिकअपमध्ये फिलरच्या भोकाच्या खालच्या काठावरून ऑईल बाहेर यायला लागलं की लेव्हल झाली. जास्तीचं गळून जाऊ द्या, मग बोल्ट लावा.

गिअर बॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, चिखलानं बुजलाय का, ते बघून साफ करा. तो बंद राहिला तर आतला दाब वाढून सीलमधून ऑईल गळतं. जुनं ऑईल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या. गाडीनं एकदोन खेपा केल्या की दोन्ही बोल्ट कोरडे आहेत का, ते हात फिरवून बघा.