प्रयोगशाळेत भलत्याच बाटलीला घाबरू नका

नवीन मुलं सायनाइडच्या कपाटापाशी श्वास रोखतात आणि पेटत्या बर्नरशेजारी बिनधास्त ॲसिटोनने काचसामान धुतात. सायनाइड कुलपात असतं, नोंद करूनच बाहेर येतं, हाताळणारा सावध असतो. ॲसिटोनची वाफ मात्र साध्या तापमानालाही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत पोचते. मला काळजी वाटते ती सिंकजवळच्या ॲसिटोनच्या बाटलीची.

सगळ्यात जास्त संताप येतो वेस्टच्या बाटलीवरून. ‘टाकायचंच आहे ना, ओत त्यातच!’ आमच्याकडे एकाने उरलेलं नायट्रिक ॲसिड सॉल्व्हंटच्या (अल्कोहोलसारख्या द्रावकांच्या) वेस्टमध्ये ओतलं, झाकण गच्च आवळलं आणि जेवायला गेला. नायट्रिक आणि अल्कोहोल सुरुवातीला शांत दिसतात. मग उष्णता वाढते, वायू साठतो, अभिक्रिया वेग घेते. बाटली फुटली. फ्यूम हूडची (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच खाली होती म्हणून शेजारी काम करणारी मुलगी वाचली. त्या बाटलीवर कवटीचं चित्र नव्हतं, नुसतं ‘वेस्ट’ लिहिलेलं होतं. मी नायट्रिकचं वेस्ट वेगळं ठेवते, झाकण वायू बाहेर सोडणारं लावते आणि आत काय आहे ते पूर्ण नावाने लिहायला लावते. लेबल वाचायला ज्याला वेळ नाही, त्याला मी ओतू देत नाही.

‘त्वचेची आग होत नाही, म्हणजे काही झालं नाही’ ही समजूत हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या बाबतीत जीवघेणी आहे. पुस्तकात ते ‘दुर्बल आम्ल’ असतं, म्हणून मुलं निर्धास्त होतात. सौम्य द्रावणाची वेदना कित्येक तासांनी सुरू होऊ शकते. तोवर फ्लोराइड खोल जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, हृदयाचे ठोकेही बिघडतात. त्वचेवर उडालं की लगेच भरपूर पाणी, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि थेट रुग्णालय. जेलची मुदत तपासल्याशिवाय मी या ॲसिडची बाटली उघडत नाही.

ग्लोव्हज घातले की झालं, असंही नाही. 1996 मध्ये रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्स ग्लोव्हजवर डायमिथाइल मर्क्युरीचे (पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे) काही थेंब पडले. ते आरपार गेले आणि 1997 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. कोणत्या रसायनाला कोणता ग्लोव्ह चालतो, याचा तक्ता बघा.

थर्मामीटर फुटला तर पारा झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करू नका.

इथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. जुन्या बाटलीत स्फटिक दिसले तर झाकणाला हात न लावता सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा.